फिल्म आहे ना, मग फायली कशाला? : ब्रिटिश लायब्ररीतल्या अमेरिकन वृत्तपत्रांचे प्रकरण

१९९९ साली ब्रिटिश लायब्ररीने जुन्या अमेरिकन वृत्तपत्रांच्या बांधीव फायली विकायला काढल्या. ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’, ‘शिकागो ट्रिब्यून’, ‘न्यूयॉर्क टाइम्स’, ‘हेरल्ड ट्रिब्यून’ अशी मातब्बर नावे त्यांत होती. बोली बंद पाकिटातून लावायची, ज्याची जास्त त्याला माल मिळणार आणि ज्यावर कुणाचीच बोली येणार नाही तो लगद्याला जाणार. ही बातमी निकोल्सन बेकर या अमेरिकन कादंबरीकारांच्या कानावर गेली. त्यांनी आधी विक्री थांबवा म्हणून विनवले. ते जमेना, तेव्हा पत्नी मार्गारेट ब्रेंटानो यांच्यासह एक ना-नफा संस्था काढली, म्हातारपणासाठी साठवलेले पैसे मोडले आणि स्वतःच बोली लावली.

ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात हे प्रकरण बहुधा ‘वेडा लेखक विरुद्ध निर्दय ग्रंथपाल’ अशा थाटात सांगितले जाते. तसे ते नव्हते. यातला प्रत्येक निर्णय, तो घेणाऱ्याच्या टेबलापाशी बसून पाहिला, तर समजण्यासारखा वाटतो. म्हणूनच ते बारकाईने पाहण्याजोगे आहे.

कॉलिंडेलची बाजू

ब्रिटिश लायब्ररीचा वृत्तपत्र विभाग तेव्हा उत्तर लंडनमध्ये कॉलिंडेलला होता. ब्रिटिश म्युझियमच्या काळापासून वृत्तपत्रे तिथे साठवली जात आणि १९३२ पासून तिथे वाचनकक्षही होता. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये छापले जाणारे प्रत्येक वृत्तपत्र कायद्याने तिथे दाखल व्हायचे. रोजचा गठ्ठा येणारच, त्याला नाही म्हणायची सोय नाही. भिंती मात्र होत्या तिथेच होत्या.

वृत्तपत्राची फाइल सांभाळणे हे पुस्तक सांभाळण्यासारखे काम नाही. महिन्याभराचे अंक एकत्र बांधले की जो खंड तयार होतो तो साध्या मांडणीवर उभा राहत नाही. तो आडवा ठेवावा लागतो, एकावर एक फार रचून चालत नाही, आणि वाचकाने मागितला की एकट्या शिपायाने उचलून आणणे जिकिरीचे. दोन मोठ्या शहरी दैनिकांचे शंभर वर्षांचे संच म्हटले तरी एक अख्खी खोली भरते. त्यात परदेशी वृत्तपत्रे सांभाळण्याची कायदेशीर जबाबदारी ब्रिटिश लायब्ररीवर नव्हती. तेव्हा १८५० नंतरची, आणि ज्यांची मायक्रोफिल्म (पानांची बारीक आकारातली छायाचित्रे असलेली फिल्मची पट्टी, जी यंत्रावर मोठी करून वाचतात) हाताशी आहे अशी, परदेशी वृत्तपत्रे काढून टाकायची असे ठरले. आधी इतर ग्रंथालयांना विचारणा झाली. ज्या देशाची वृत्तपत्रे, तिथल्या ग्रंथालयांनाही. अमेरिकेतल्या मोठ्या ग्रंथालयांनी ती घ्यायला उत्साह दाखवला नाही, कारण त्यांनी स्वतःचेच असे संच फिल्म करून गेल्या काही दशकांत मोडीत काढले होते.

या शेवटच्या वाक्यात सगळे प्रकरण आहे. अमेरिकन ग्रंथालयांनी मूळ संच काढून टाकताना, कुठे ना कुठे एखादा असेलच, असे धरले होते. ब्रिटिश लायब्ररीने काढताना, अमेरिकेची वृत्तपत्रे अमेरिकेत असतीलच, असे धरले. भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो तो असा. आपल्याकडची प्रत शेवटची आहे का, हे पाहण्याचे काम कुणाच्याच कामांच्या यादीत नव्हते.

कागद खरेच मरत होता का?

निर्लेखनाच्या, म्हणजे संग्रहातून काढून टाकण्याच्या, बाजूने जागेचा मुद्दा तर होताच, पण त्याला बळ आले ते कागदाच्या भीतीने. ही भीती खोटी नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कागद बनायचा चिंध्यांपासून, म्हणजे सुती आणि तागाच्या जुन्या कापडांपासून. वाचक वाढले, चिंध्या पुरेनात. १८४० च्या दशकात जर्मनीत फ्रीडरिश केलर आणि कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात चार्ल्स फेनर्टी यांनी एकमेकांना न ओळखता लाकूड दळून लगदा करून दाखवला. १८७० नंतर वृत्तपत्रे झपाट्याने या स्वस्त कागदाकडे वळली. दळलेल्या लाकडात लिग्निन हे लाकडातले द्रव्य राहते, ते उजेडात पिवळे पडते. त्याहून वाईट म्हणजे शाई पसरू नये म्हणून कागदाला देत असलेले राळ आणि तुरटीचे अस्तर. तुरटीमुळे कागदात आम्लता येते, आम्ल सेल्युलोजच्या (कागदाचे तंतू ज्याचे बनतात त्या द्रव्याच्या) लांब साखळ्या तोडत जाते आणि कागद ठिसूळ होतो. कागद पिवळा पडणे आणि कागद मोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिवळ्या पानाला ‘मेलेले पान’ म्हणणारे पुष्कळ भेटतात, म्हणून हे सांगितले. वृत्तपत्रवाल्यांनाही ही अडचण ठाऊक होती. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने १९२७ पासून काही वर्षे ग्रंथालयांसाठी चिंध्यांच्या कागदावर वेगळी आवृत्ती छापली होती.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस व्हर्जिनियातले कागददुरुस्तीचे जाणकार विल्यम बॅरो यांनी १९०० ते १९४९ या काळातली ५०० पुस्तके तपासली आणि त्यांतली बहुतेक पुढच्या शतकात हाताळण्याजोगी राहणार नाहीत असे भाकीत केले. त्यांची एक पद्धत अशी होती की कागद १०० अंश सेल्सियसला ७२ तास तापवायचा आणि त्याचे वय २५ वर्षांनी वाढले असे मानायचे. भाकितासाठी ही पद्धत सोयीची आहे, पण कागद भट्टीत राहत नाही, अंधाऱ्या कोठारात राहतो. तापमानाबरोबर रासायनिक क्रियेचा वेग कसा बदलतो हे कागदागणिक वेगळे असते. एकच गुणाकार सगळ्यांना लावला की अंदाज कुठल्या कुठे जातो.

दुसरी चाचणी त्याहून सोपी आणि त्याहून घातक. पानाचा कोपरा चिमटीत धरायचा, पुढे दुमडायचा, मागे दुमडायचा, ही एक दुहेरी घडी. चार-पाच घड्यांत कोपरा तुटून हातात आला की पुस्तक ‘ठिसूळ’. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या मोठमोठ्या ग्रंथालयांनी आपल्या संग्रहांची पाहणी अशाच चिमटीने केली. त्यातून जे आकडे निघाले ते सरकारपुढे गेले, आणि १९८९ च्या सुमारास वीस वर्षांत तीस लाख पुस्तके फिल्मवर घेण्याची राष्ट्रीय योजना आकाराला आली. वृत्तपत्रांसाठी वेगळी योजना १९८२ पासून चालूच होती.

बेकर यांचा आक्षेप साधा होता: पुस्तक वाचताना आपण पान उलटतो, कोपरा मोडत नाही. घडीच्या चाचणीत नापास झालेल्या पुस्तकाचे पान त्यांनी शेकडो वेळा उलटून पाहिले, ते फाटले नाही. हा काही प्रयोगशाळेतला पुरावा नव्हे, आणि तज्ज्ञांनी त्यावर नाके मुरडली. पण प्रश्न बिनतोड आहे. जी चाचणी ‘या कागदाला सांभाळून वापरा’ एवढेच सांगू शकते, तिच्या जोरावर ‘या कागदाला काढून टाका’ असा निकाल द्यायचा?

बांधीव फायलींच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट आहे. घट्ट बांधलेल्या खंडात हवा आणि उजेड पोचतात ते कडांपर्यंत. कडा तपकिरी, चुरचुरीत होतात, पण खंड उघडला की आतला मजकूर पुष्कळदा फिकट पिवळा, वाचता येण्याजोगा असतो. कॉलिंडेलचे अमेरिकन खंड तर लंडनमध्ये फारसे कुणी मागितलेच नव्हते. अंधारात, थंडाव्यात, बंद पडून राहिले. ज्या दुर्लक्षामुळे ते ‘अनावश्यक’ ठरले त्याच दुर्लक्षाने ते टिकवलेही होते.

फिल्मवर काय येते आणि काय येत नाही

मायक्रोफिल्मची बाजू घेणाऱ्यांना हलके लेखून चालणार नाही. २० ऑक्टोबर १९४० रोजी कॉलिंडेलवर बॉम्ब पडला. एकोणिसाव्या शतकातल्या प्रांतीय आणि आयरिश वृत्तपत्रांचे सुमारे ६,००० खंड नष्ट झाले, आणखी १५,००० खंडांचे नुकसान झाले. त्यांची फिल्म असती तर निदान मजकूर हाती राहिला असता. ज्या ग्रंथपालांनी हा ढिगारा पाहिला, त्यांच्या पुढच्या पिढीला ‘एकच प्रत म्हणजे शून्य प्रत’ वाटू लागले यात नवल नाही. छोट्या गावांतल्या कितीतरी वृत्तपत्रांचा आज जो काही ठावठिकाणा लागतो तो फिल्ममुळेच.

पण फिल्म म्हणजे काय हे यंत्रावर बसून पाहिले पाहिजे. वृत्तपत्राची फिल्म सहसा ३५ मिलिमीटरची, काळी-पांढरी आणि तीव्र विरोधाची, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातला फरक ठळक करणारी, असते. अक्षर ठळक यावे म्हणून ती तशी बनवतात. अक्षर येतेही. पण छापील छायाचित्र म्हणजे मुळात लहान-मोठ्या ठिपक्यांचा खेळ. तीव्र विरोधात मधले करडे ठिपके एक तर पांढरे होतात नाही तर काळे. मंत्र्याचा चेहरा डांबराचा गोळा होतो. खंड नीट सपाट उघडला नाही तर आतल्या बाजूचा अर्धा स्तंभ सावलीत जातो. ही अडचण टाळण्यासाठी फिल्म करणारे बऱ्याचदा खंडाचा कणाच कापून पाने सुटी करत. काम सोपे व्हायचे, आणि मग त्या सुट्या पानांचा गठ्ठा पुन्हा बांधण्यापेक्षा रद्दीत देणे स्वस्त पडायचे. म्हणजे नक्कल करण्याची रीतच मूळ प्रत संपवणारी होती. वर, गहाळ अंकांच्या जागी ‘अंक उपलब्ध नाही’ अशी पाटी छायाचित्रित करून पुढे जायचे, ही सर्रास पद्धत.

आता रंगाचे पाहा. जोसेफ पुलित्झर यांनी १८८३ साली घेतलेल्या ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ची रविवारची पुरवणी त्या काळच्या अमेरिकन छपाईचे शिखर होते. पानभर रंगीत चित्रे, विनोदी चित्रमालिका, कात्री लावून खेळायची खेळणी, फॅशनचे नमुने. याच दैनिकाच्या पुरवणीत २१ डिसेंबर १९१३ रोजी आर्थर विन यांनी बनवलेले पहिले शब्दकोडे छापले गेले. फिल्मवर या पुरवणीतले लाल, निळे, पिवळे सगळे करड्या चिखलात जातात. १९३१ मध्ये हे दैनिक बंद पडले. पुलित्झरच्या न्यूयॉर्कचा अभ्यास करणाऱ्याला तेव्हाचा माणूस रविवारी सकाळी काय पाहत होता हे फिल्मवरून कळूच शकत नाही. बेकर आणि ब्रेंटानो यांनी पुढे २००५ मध्ये आपल्या खंडांतली १८९८ ते १९११ या काळातली अशी पाने रंगीत पुस्तकरूपात छापली, तेव्हा वृत्तपत्रांचे पुष्कळ अभ्यासकही चकित झाले.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. मोठ्या शहरी दैनिकाच्या दिवसाला अनेक आवृत्त्या निघत. एका ग्रंथालयाकडे सकाळची, दुसऱ्याकडे शेवटची. एका संचाची फिल्म काढून तिच्या प्रती शंभर ग्रंथालयांना विकल्या आणि त्या शंभरांनी आपापले संच काढले, तर शंभर वेगवेगळ्या प्रतींच्या जागी एकाच संचाची शंभरपट नक्कल उरते. त्या संचात फाटलेले पान सगळीकडे फाटलेले, वगळलेला अंक सगळीकडे वगळलेला.

फिल्मही अमर नव्हे. पॉलिएस्टरवरची चांदीची फिल्म नीट ठेवली तर शतकानुशतके टिकेल असा तज्ज्ञांचा अंदाज आहे, पण त्याआधीची कितीतरी फिल्म ॲसिटेट नावाच्या जुन्या प्लास्टिकची. ती उबेत आणि दमटपणात सडते, डबा उघडला की व्हिनेगरचा भपकारा येतो, पट्टी आकसते, वेडीवाकडी होते. कागद मरतो म्हणून ज्या फिल्मवर भिस्त ठेवली तिच्यातली काही कागदाआधी गेली.

बोली आणि त्यानंतर

बेकर या वादात नवखे नव्हते. १९९० च्या दशकात ग्रंथालयांच्या कार्डांच्या तालिका फेकण्यावर त्यांनी लिहिले होते आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने नव्या इमारतीत जाताना पुस्तके टाकून दिली तेव्हा तिथेही झुंज घेतली होती. पण तोवर ते टीकाकार होते. आता त्यांच्यापुढे मालकी आली.

त्यांच्याविरुद्ध बोली लावणारे होते जुन्या वृत्तपत्रांचे व्यापारी. त्यांचा धंदा ठरलेला: खंड उसवायचा, अंक सुटे करायचे आणि ‘तुमच्या जन्मदिवसाचे वृत्तपत्र’ म्हणून भेटवस्तू विकायची. यात बेकायदा काही नाही, आणि सुटा अंक का होईना कुणाच्या तरी घरी जपला जातो हेही खरे. पण सलग संच एकदा फुटला की तो पुन्हा जुळत नाही. अभ्यासकाला १९१२ चा एखादा मंगळवार नको असतो, त्याला वर्ष हवे असते. काही संच बेकर यांच्या हातून निसटले. काही व्यापाऱ्याकडून चढ्या किमतीला परत घ्यावे लागले. जे मिळाले ते न्यू हॅम्पशायरमधल्या रॉलिन्सफर्ड गावात एका जुन्या गिरणीच्या इमारतीत भाड्याच्या जागेत मांडले. पुढे काही प्रतिष्ठानांनी अनुदान दिले म्हणून भाडे निघाले.

या अनुभवावर आणि त्यामागच्या धोरणावर त्यांनी २००१ मध्ये ‘डबल फोल्ड’ हे पुस्तक लिहिले. नाव अर्थातच त्या चिमटीच्या चाचणीवरून. पुस्तकाला अमेरिकेतल्या समीक्षक-मंडळाचा पुरस्कार मिळाला आणि ग्रंथपालांची झोप उडाली. रिचर्ड कॉक्स या अभिलेखशास्त्राच्या प्राध्यापकांनी पुढच्याच वर्षी पुस्तकभर प्रत्युत्तर दिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: सगळे काही जपता येत नाही, काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे ठरवणे हेच अभिलेखपालाचे काम, आणि ते पैसे, जागा, माणसे यांच्या मर्यादेतच होते. बेकर यांना या मर्यादा दिसत नाहीत.

मला विचाराल तर कॉक्स यांचा मुद्दा बरोबर आहे, पण तो या प्रकरणाला लागू पडत नाही. निवड करणे म्हणजे पाहून, तोलून, नोंद करून सोडणे. इथे निवड झाली नव्हती. ‘फिल्म उपलब्ध’ एवढी एक अट पुरी झाली की खंड यादीत जात होता. ती फिल्म वाचता येते का, पूर्ण आहे का, रंगीत पानांचे काय, दुसरीकडे मूळ संच आहे का, यांतले काहीही त्या अटीत नव्हते. दुसरीकडे बेकरही अनेक ठिकाणी अन्याय करतात. हेतूंवर शंका घेतात, आणि फिल्म नसती तर दुसऱ्या टोकाला काय गेले असते हे फारसे मोजत नाहीत. जागेचा खर्च म्हणजे ग्रंथपालांचा बहाणा, असा त्यांचा सूर कुणाही भांडारपालाला झोंबेल.

माझ्या मते चूक एका जागी झाली. नक्कल करायची की नाही, आणि मूळ काढायचे की नाही, हे दोन निर्णय आहेत. पहिल्याला घाई असू शकते, कारण कागद खराब होत असतो. दुसऱ्याला घाई कशाचीच नाही, एक जागेची सोडून. आणि जागेचा प्रश्न शहरापासून दूर स्वस्त, थंड, कोरड्या कोठाराने सुटतो. त्याला प्रत नष्ट करावी लागत नाही. या दोन निर्णयांना एकाच फायलीत घालून एकाच सहीने मंजूर केले की पहिल्याची घाई दुसऱ्याला चिकटते. ‘कागद मरतोय’ हे कारण फिल्म करण्यासाठी होते. ते फेकण्याचे कारण म्हणून वापरले गेले.

२००१ मध्येच अमेरिकेतल्या ग्रंथालय-क्षेत्रातल्या एका कार्यगटाने मूळ प्रतींबद्दल अहवाल दिला आणि मूळ छापील प्रती जपणारी सामायिक भांडारे असावीत असे सुचवले. बेकर यांच्या गिरणीतला संग्रह २००४ साली नॉर्थ कॅरोलिनातल्या ड्यूक विद्यापीठाने घेतला, तो एकत्र ठेवण्याच्या कबुलीवर. खाजगी माणसाने उचललेले घोंगडे पाच वर्षांत संस्थेच्या खांद्यावर गेले, हा या गोष्टीतला सुदैवाचा भाग. प्रत्येक संचाला असा माणूस मिळत नाही.

ब्रिटिश लायब्ररीनेही पुढे मार्ग बदलला. २०१३ मध्ये कॉलिंडेल बंद झाले आणि वृत्तपत्रे यॉर्कशरमध्ये बॉस्टन स्पा इथल्या नव्या इमारतीत गेली. तिथे हवेतला प्राणवायू मुद्दाम कमी ठेवला आहे, म्हणजे आग धरतच नाही. तापमान आणि आर्द्रता बांधलेली, खंड यंत्राने काढले आणि ठेवले जातात. माणूस आत फारसा जातच नाही. वाचकाला शक्यतो स्कॅन किंवा फिल्म मिळते, मूळ प्रत जपून राहते. नक्कल वापरायची आणि मूळ ठेवायचे, ही व्यवस्था १९९९ मध्येही अशक्य नव्हती. तिला लागणारी इमारत मात्र तेव्हा नव्हती.

अमेरिकेत स्कॅनिंगची मोठी राष्ट्रीय योजना २००५ मध्ये सुरू झाली आणि २००७ पासून जुनी वृत्तपत्रे लोकांना घरबसल्या दिसू लागली. उपकार मोठे आहेत यात वाद नाही. पण हे स्कॅन मुख्यतः जुन्या मायक्रोफिल्मवरून केले गेले. फिल्मवर जे काळे झाले होते ते पडद्यावरही काळेच आहे, आणि अक्षर ओळखणारी यंत्रणा त्या धुरकट ओळींतून भलतेच शब्द वाचते, म्हणून शोधूनही बातमी सापडत नाही. नव्याने स्कॅन करायचे म्हटले तर मूळ कागद लागतो. ‘वर्ल्ड’च्या बाबतीत तो ड्यूकमध्ये आहे. ज्या संचांचे अंक वाढदिवसाच्या भेटी म्हणून वाटले गेले, त्यांच्या बाबतीत जुनी फिल्म हाच आता मूळ दस्तऐवज आहे.